काळ्या गाडीवरचं जाळं: पॅड कोणता, कंपाउंड कोणतं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. पाच वर्षांची काळी होंडा सिटी, पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. रोज सकाळी गाडी पुसायला माणूस येतो. सावलीत गाडी बरी दिसते, पण उन्हात काढली की बोनेटभर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं. छायाचित्र पाठवलंय, आणि ते जाळं गोल का दिसतं हेही विचारलंय. १५ मिलिमीटर थ्रोचं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता १५ मिलिमीटरच्या घेरात हलवणारं पॉलिशिंग मशीन, घेऊन झालंय. दुकानदार म्हणतो, लोकरीचा पॅड आणि सगळ्यात कडक कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) घ्या, एकाच फेरीत काम होईल. घ्यावं का?

नका घेऊ. ते पॅड-कंपाउंड वाईट आहे असं नाही. गॅरेजमध्ये नव्या रंगावर १५००-२००० नंबरचा पेपर मारल्यावर त्याच्या रेघा उडवायला तेच लागतं. पण तुमच्या बोनेटवर पेपरच्या रेघा नाहीत, फडक्याचे ओरखडे आहेत, आणि होंडाचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, माझ्या अनुभवात मऊच निघतो. मऊ काळ्या रंगावर लोकर आणि हेवी कट, म्हणजे जोरात कापणारं कंपाउंड, चालवलं तर जाळं जाईल, पण त्या जागी धुरकट पडदा येईल. तो काढायला आणखी एक-दोन टप्पे. म्हणजे दुकानदार सांगतो ती एक फेरी शेवटी दोन-तीन फेऱ्यांना पडते, आणि गेलेला क्लिअर कोट परत येत नाही.

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्याच्या वरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आपण मशीन फिरवतो तो थर त्याहून पातळ आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारी रसायनं याच थरात असतात. पॉलिशच्या (कंपाउंडपेक्षा हलक्या पेस्टच्या) एका टप्प्यात त्यातला साधारण मायक्रॉनभर जातो, हेवी कटमध्ये त्याच्या दोन-तीन पट किंवा जास्तही, दाब आणि फेऱ्या किती त्यावर. पूर्ण गाडीचं करेक्शन, म्हणजे ओरखडे घासून काढणं, ही दर दिवाळीला करायची गोष्ट नव्हे, ती यामुळे.

जाडी मोजायचं मीटर मिळालं तर जरूर फिरवा, पण त्याचा आकडा नीट समजून घ्या. साधं मीटर पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. बाकी गाडी १२० दाखवत असताना एखादं दार २२० दाखवतं, याचा अर्थ तिथे मोकळेपणाने घासायला वाव आहे असा नाही. ते दार पुन्हा रंगवलेलं आहे इतकंच कळतं. पेंटरने वर क्लिअर किती मारला हे तोच जाणे. आकडा ८००-१००० च्या पुढे गेला तर आत पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर काही दाखवत नाही.

आता पॅडकडे येऊ. लोक पॉलिशच्या बाटलीवर आठवडाभर चर्चा करतात आणि पॅड दुकानात जो समोर असेल तो उचलतात. खरं तर उलटं हवं. एकच पॉलिश मऊ फिनिशिंग फोमवर चालवा आणि मग मायक्रोफायबर पॅडवर चालवा. दोन वेगळ्या बाटल्या वापरल्यासारखा फरक दिसेल. म्हणून कट, म्हणजे घासण्याचा जोर, कमी-जास्त करायचा असेल तेव्हा मी आधी पॅड बदलतो, बाटली नंतर.

लोकर सगळ्यात वेगाने कापते आणि फोमच्या मानाने थंड चालते, म्हणून रोटरीवाले (पॅड नुसता गोल फिरवणारं मशीन वापरणारे) तिला सोडत नाहीत. डीए मशीनसाठी आखूड धाग्यांचे लोकरीचे पॅड निघतात, ते चांगले आहेत, पण ते कडक रंगाचं काम. मायक्रोफायबर पॅड त्याच्या खालोखाल. त्याचे बारीक धागे कंपाउंडचे कण पकडून ठेवतात आणि प्रत्येक धागा स्वतःही थोडा घासतो, त्यामुळे कट भरपूर मिळतो, पण मऊ गडद रंगावर मागे बारीक धूसरपणा राहतोच. शिवाय तो लवकर चोंदतो. फोम हा खरा कामाचा घोडा: कटिंग, पॉलिशिंग आणि फिनिशिंग अशा साधारण तीन कडकपणांत येतो. कडक फोमवर कण जोरात दाबले जातात, मऊ फोममध्ये ते अर्धे आत बुडतात. तुमच्या मशीनवर जाड पॅड लावू नका. जाड फोम मशीनची हालचाल स्वतःच पिऊन टाकतो, रंगापर्यंत पोचूच देत नाही. इंचाच्या आसपास किंवा त्याहून पातळ, मधे भोक असलेला पॅड बघा. भोकामुळे मधली उष्णता बाहेर पडते.

रंगावरून पॅड ओळखायला जाऊ नका, इथे भले भले फसतात. रुपेसच्या फोममध्ये निळा सगळ्यात कडक, मग हिरवा, मग पिवळा, आणि पांढरा सगळ्यात मऊ. लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोममध्ये पिवळा म्हणजे हेवी कट, नारिंगी त्याखाली, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. म्हणजे कुणी ‘पिवळ्या पॅडने छान फिनिश आलं’ म्हणालं तर आधी कंपनी विचारायची. विनानावाच्या पॅडच्या पाकिटात तर रंग फक्त शोभेला असतात; चार रंगांचे चारही पॅड बोटाने दाबून बघा, बहुतेक वेळा सारखेच लागतात.

बाटल्यांचे आकडेही असेच. मेंझेर्नामध्ये आकडा लहान तितका कट जास्त: ४०० हेवी कट, २५०० मधलं, ३५०० आणि ३८०० फिनिशिंगची. सँडपेपरच्या नंबरांसारखं वाचलं की लक्षात राहतं. मेग्वायर्सचं एम१०५ कडक आणि एम२०५ फिनिशिंगचं, पण तिथे आकड्यावरून कट काढता येत नाही. कॉख-केमीमध्ये उलट, एच९ हेवी, एफ६ फाइन, एम३ मायक्रो. आकडा उतरतो तसा कट उतरतो. तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावू नका.

बाटलीच्या आत बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण आणि त्यांना फिरतं ठेवणारं तेल-पाणी. काही कंपाउंडमध्ये हे कण काम करता करता फुटून बारीक होत जातात, त्यामुळे ती फेरी पूर्ण करावी लागते. मधेच थांबलात तर कण मोठे असतानाच्या रेघा तशाच राहतात. एम१०५-एम२०५ सारख्यांत कण सुरुवातीपासूनच अतिबारीक आणि तसेच राहणारे असतात. तिथे फेरी लांबवून फिनिश सुधारत नाही, कंपाउंड वाळतं आणि धूळ उडते. बाटली कुठल्या जातीची आहे हे माहीत नसेल तर हात कधी थांबवायचा तेच कळत नाही.

‘रबिंग’ या नावाखाली सुट्या डब्यात मिळणारी जाड पेस्ट मात्र लांबच ठेवा. तिच्यातले कण एकसारखे असतील याची काही खात्री नसते, आणि एक मोठा कण पुरे होतो.

तुमच्या गाडीवर सुरुवात कशी करायची ते सांगतो. आधी गाडी धुवा, लोहकण काढणारं रसायन मारा, मग क्ले (खरखर उचलणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा. रंगावर बसलेली खरखर क्लेने गेली नाही तर तीच पॅडखाली फिरून नव्या रेघा पाडेल. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कडांना मास्किंग टेप लावा. बोनेटवर किंवा डिकीवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन आखा आणि संपूर्ण गाडीचं काम त्या चौकोनात आधी करून बघा. टेस्ट स्पॉट म्हणतात तो हा. सावलीत, पॅनल थंड असताना.

त्या चौकोनात पहिलं जोडपं सगळ्यात सौम्य घ्या: पॉलिशिंग फोम आणि एम२०५ किंवा मेंझेर्ना ३५०० च्या जातीचं फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच चौकोनभर टेकवून पसरवा. मग ४-५ च्या स्पीडवर आडव्या-उभ्या मिळून पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, इतका सावकाश. कंटाळा येण्याइतका वेग म्हणजे बरोबर वेग. दाब मशीनच्या वजनाला हाताची थोडी जोड एवढाच. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतो तिच्या, कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. डीएचा पॅड जास्त दाबाखाली किंवा वक्र भागावर फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो. मशीन चालू, आवाज चालू, काम शून्य.

पुसून टॉर्च तिरका धरा. सत्तर-ऐंशी टक्के जाळं गेलं असेल तर तुमचं पॅड-पॉलिश ठरलं, संपूर्ण गाडी त्याच्यावरच करा. पुष्कळशा पाच वर्षांच्या मऊ काळ्या गाड्या इथेच थांबतात आणि हे लोकांना खरं वाटत नाही. भागलं नाही तर पॉलिश तेच ठेवून फोम एक पायरी कडक घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर कडक फोमवर मधल्या कटचं कंपाउंड. त्यापुढे मायक्रोफायबर आणि हेवी कट, आणि मग पॉलिशिंग फोमवर दुसरा टप्पा गृहीतच धरायचा. इथे क्रम महत्त्वाचा. खालून वर गेलात तर गरजेपुरतंच कापता, वरून सुरू केलंत तर गरज किती होती हे कधी कळतच नाही.

निकाल तपासताना एक फसवणूक होते. काही पॉलिश आणि जवळजवळ सगळी ‘ऑल इन वन’ उत्पादनं ओरखड्यात तेल आणि मेण भरतात. चौकोन काचेसारखा दिसतो, दोन धुण्यांत जाळं हजर. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलचं १०-१५ टक्क्यांचं पाण्यातलं मिश्रण मारून पुसा आणि मग बघा. मऊ काळ्या रंगावर हे पुसणंही हलक्या हाताने, नव्या स्वच्छ मायक्रोफायबरनेच, नाहीतर पुसण्याचेच ओरखडे पडतील आणि तुम्ही उगाच पॉलिशला दोष द्याल. उजेड एकाच दिशेचा हवा. ट्यूबलाइटखाली सगळ्या गाड्या नव्या दिसतात. मी शेवटची नजर उन्हात टाकतो, आणि रात्री कुणी गाडी पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली उभी करून फोटो पाठवला तर तोही खुशाल बघतो, कारण तिथे काही लपत नाही.

जाळं गोल का दिसतं असंही तुम्ही विचारलंय. ओरखडे गोल नसतात. ते सगळ्या दिशांनी सरळ, वेडेवाकडे पडलेले असतात. दिव्याभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि नजरेला वर्तुळं दिसतात. दिवा हलवला की वर्तुळं त्याच्याबरोबर सरकतात. रोटरीने पडलेली होलोग्राम मात्र वेगळी असतात. ती मशीन फिरलेल्या पट्ट्यांसारखी दिसतात आणि एका दिशेला ओळीने जातात. तुमच्या छायाचित्रात डाव्या दारावर तसे पट्टे दिसताहेत, म्हणजे त्या दारावर आधी कुणीतरी बफिंग केलंय. तिथे मीटर लावल्याशिवाय काही करू नका.

प्रत्येक रेघ काढायच्या मागे लागू नका. नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर ती रेघ पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे, तळाशी पोचण्याआधी क्लिअर कोट संपेल. नख अडकत नाही पण दिसते अशी खोल रेघ पूर्ण काढण्यापेक्षा तिच्या धारदार कडा बोथट केल्या तरी डोळ्याला ती निम्मीच दिसते. बोअरच्या पाण्याचे डाग हा वेगळाच त्रास. पांढरं वर्तुळ वर बसलेल्या क्षारांचं असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पाच मिनिटांत जातं. पॉलिश लावायची गरजच नाही. क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला असेल तर खड्डा असतो, आणि तो जाळ्यापेक्षा खोल असू शकतो. दोन टप्प्यांत हलला नाही तर सोडून द्या. पक्ष्यांच्या विष्ठेचे चट्टेही तसेच.

पॅड किती लागतील? लोक इथे काटकसर करतात आणि तिथेच काम बिघडतं. एका पॅडवर पूर्ण गाडी होत नाही. पॅडवर वापरलेलं पॉलिश आणि निघालेला क्लिअर साचत जातो, पॅड जड होतो, तापतो, आणि दुसऱ्या दारापर्यंत त्याचा स्वभावच बदललेला असतो. तुमच्या सिटीसाठी मुख्य कामाचे सहा फोम पॅड ठेवा, कटिंग फोमचे दोन, आणि खांब, आरसे, बंपरच्या खाचांसाठी ३ इंची दोन-तीन, त्यासाठी लहान प्लेटसकट. एक-दोन पॅनल झाले की पॅड बदला. दर चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने, कॉम्प्रेसर असेल तर हवेने, पॅड झाडून घ्या. मायक्रोफायबरला हवा जवळजवळ हवीच. संध्याकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, पिळवटून नव्हे तर दाबून पाणी काढायचं आणि वेल्क्रोची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलेल्या आणि ओल्यानेच मशीनवर चढवलेल्या पॅडचा वेल्क्रो सुटतो. पैसे कमी असतील तर दुसरी बाटली घेऊ नका, पॅड घ्या.

हवामानाचाही हिशेब धरा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पत्रा इतका तापतो की पॉलिश पसरायच्या आत वाळतं आणि पांढरी धूळ होते. पहाटे सुरू करा, चौकोन लहान घ्या, किंवा डिस्टिल्ड पाण्याचा एक फवारा पॅडवर मारा; एकच. पावसाळ्यात उलट होतं, दमट हवेत पॉलिश लवकर वाळत नाही आणि नवखा माणूस अजून ओलं आहे म्हणून घासतच राहतो. घासताना पॅनलवर तळहात ठेवता आला पाहिजे. बंपरवर विशेष सांभाळा, प्लास्टिक उष्णता खाली सोडत नाही, ती रंगातच साठते. दारांच्या आणि बोनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे मशीन नेऊच नका, कडेपासून बोटभर आत थांबा.

हे सगळं काळ्या होंडासाठी झालं. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या बहुतेक गाड्यांचा क्लिअर कोट मला कडक लागतो. तिथे पॉलिशिंग फोमवर दोन तास घासूनही जाळं हसत राहतं, आणि मायक्रोफायबरवर हेवी कट घेतल्याशिवाय काम सरकत नाही. पण कडक रंगाचा फायदा असा की मागे धूसरपणा कमी राहतो. पांढऱ्या गाडीला जाळं दिसतच नाही इतकं कमी दिसतं, तिथे एका टप्प्यात समाधान माना. कुणाकडे जुनी प्रीमियर पद्मिनी असेल तर पॅडवर गाडीचा रंग उतरेल. घाबरू नका, त्या काळच्या एकेरी रंगावर वेगळा क्लिअर नसतोच. घाबरायचं ते आजच्या गाडीवर पॅडला रंग लागला तर; म्हणजे तिथला क्लिअर संपला. मॅट रंगावर कुठलंच पॉलिश नाही, एक थेंबही नाही.

काम झाल्यावर सीलंट किंवा कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) लावा, कुठलं ते फारसं अडत नाही. कोटिंगने ओरखडे पडायचे थांबतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जाळं ज्या बादलीतून आलं ती तुमच्या पार्किंगमध्येच आहे: एका बादलीत वीस गाड्या, एकच फडकं, आणि कोरड्या धुळीवर फिरवलेलं. त्या माणसाचा दोष नाही, त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि वेळेत तेच होतं. त्याला सांगा की काचा आणि चाकं रोज, रंगाला हात नाही. पैसे तेवढेच द्या. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः दोन बादल्या घेऊन धुवा, एक शांपूची, एक मिट (धुण्याचा हातमोजा) खंगाळायची, आणि वरून खाली या. दसऱ्याला बोनेटवर हळदी-कुंकू लागलंच तर ते कोरडं पुसायचं नाही, आधी पाण्याने वाहू द्यायचं. पॉलिशची ती बाटली झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, पुढच्या वेळी वापरताना आधी चांगली हलवा; कण तळाला बसतात आणि वरचं नुसतं तेल पॅडवर येतं.